‘सोडवलेल्या’ प्रश्नपत्रिका विकणाऱ्यास खुलं पत्र

संकलक महाशय,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आपल्याकडे रीत आहे. ती मी मोडते आहे. तुमच्याबद्दल माझ्या मनात प्रेम नाही आणि नमस्कार करावा असं काम तुमच्या हातून झालेलं नाही. नावानं हाक मारावी म्हटलं तर तीही सोय तुम्ही ठेवलेली नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘अनुभवी तज्ज्ञ मंडळ’ एवढंच आहे. आत किंमत आहे, शेवटच्या पानावर तुमच्याच इतर पुस्तकांची जाहिरात आहे, पण हे काम मी केलं असं सांगणारा एकही माणूस त्या पुस्तकात सापडत नाही. चारशे पानं लिहून कुणीच त्याखाली सही करत नाही, तेव्हा आत काय आहे हे लिहिणाऱ्याला नीट ठाऊक असतं.

मी तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात बीएच्या मुलांना इंग्रजी साहित्य शिकवते. त्यातली काही मुलं दरवर्षी एमएसाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक प्रवेश परीक्षा देतात. जेएनयू, दिल्ली, हैदराबाद अशा ठिकाणी जायचं त्यांच्या मनात असतं. गावात या परीक्षेचा क्लास नाही. ग्रंथालयात आहेत ती पुस्तकं विद्यापीठाच्या अभ्यासक्रमापुरती. मोठ्या शहरातलं कुणी ओळखीचं नाही. त्यामुळे मागच्या वर्षांचे पेपर हाच त्यांचा क्लास, तोच त्यांचा मार्गदर्शक. परीक्षा काय मागते हे कळायचा दुसरा रस्ता त्यांच्याकडे नाही, आणि नेमक्या त्या रस्त्यावर तुम्ही दुकान मांडून बसला आहात.

‘मागील वर्षांच्या मूळ प्रश्नपत्रिका, अचूक उत्तरांसह’ असं तुम्ही छापता. आधी ‘मूळ’ या दाव्याचं बघू.

तुमचं पहिलं प्रकरण आहे ‘सीयूईटी-पीजी २०१९’. महाशय, २०१९ साली ही परीक्षाच नव्हती. ती सुरू झाली २०२२ मध्ये. त्याआधी जेएनयूची प्रवेश परीक्षा वेगळी, दिल्ली विद्यापीठाची वेगळी, आणि काही केंद्रीय विद्यापीठं मिळून सीयूसीईटी घेत, ती तिसरीच. जेएनयूमध्ये तर २०१९पर्यंत हातानं सविस्तर उत्तरं लिहायची पद्धत होती. त्या वर्षी तिथे संगणकावरचे बहुपर्यायी प्रश्न आले आणि तिथल्या प्राध्यापकांनी त्याला उघड विरोध केला. साहित्याच्या विद्यार्थ्याची पारख चार पर्यायांतून करावी की नाही, हा तो वाद होता. ज्याला हा इतिहास माहीत आहे त्याच्या हातून २०१९ हा आकडा असा पडूच शकत नाही. तुम्हाला तो माहीत नव्हता, किंवा माहीत असून पुस्तक जाड दिसावं म्हणून तुम्ही छापलात. दोन्हीपैकी कुठलंही खरं असलं तरी ‘तज्ज्ञ’ हा शब्द तुम्ही खोडायला हवा.

मग त्या प्रकरणात आहे काय? मी प्रश्न ताडून पाहिले. बरेचसे यूजीसी-नेटच्या जुन्या इंग्रजीच्या पेपरांतून उचललेले आहेत. नेट ही मुख्यतः एमए झालेल्यांची किंवा एमएच्या शेवटच्या वर्षात असणाऱ्यांची परीक्षा. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे उत्तर येवो न येवो, काहीतरी निवडून पुढे जाता येतं. सीयूईटी-पीजीमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण जातो. दोन्हीकडे सोडवायची रीतच वेगळी लागते. तुम्ही दोन्ही पेपर एकाच नावाखाली भरलेत. बीएच्या तिसऱ्या वर्षातली मुलगी ते उघडते, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या साहित्यसिद्धांतावरचे बारीक प्रश्न बघते आणि एमएच्या प्रवेशालाच एवढं विचारत असतील तर आपल्याला जमायचं नाही असं ठरवून टाकते. अर्ज न भरताच माघार घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. तुमच्या हिशेबात ती कुठेच येत नाहीत, कारण त्यांनी पुस्तक विकत घेतलेलं असतं आणि तुमचं काम तिथे संपतं.

आता ‘अचूक’ उत्तरांकडे येते. इथे मी थोडी थांबणार आहे.

‘लिरिकल बॅलड्स’ची प्रस्तावना कोणत्या साली आली? तुमचं उत्तर १७९८. पहिली आवृत्ती १७९८चीच, पण तिच्यात प्रस्तावना नव्हती, ‘अ‍ॅडव्हर्टाइजमेंट’ नावाचं छोटं निवेदन होतं. वर्ड्‌सवर्थची प्रसिद्ध प्रस्तावना आली १८००च्या दुसऱ्या आवृत्तीत आणि १८०२ साली त्यानं ती वाढवली. प्रश्न विचारणारा हाच फरक तपासत असतो. पर्यायांत १७९८ मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण न वाचता पाठ करणारा तिथेच फसतो. तुम्ही त्या सापळ्यात स्वतः अडकलात आणि तो सापळा उत्तर म्हणून छापून विकलात. मी वर्गात हे समजावून सांगितलं तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, ‘‘मॅडम, पण पुस्तकात तर १७९८ दिलंय.’’ मी कवितासंग्रहाचा इतिहास तिच्यापुढे ठेवला होता आणि ती तुमचं पुस्तक माझ्यापुढे धरत होती. मी तिला दोष देत नाही. छापील शब्दावर विश्वास ठेवायला तिला आम्हीच शिकवलं.

एलियटची तर तुम्ही वाटच लावली आहे. ‘ऑब्जेक्टिव्ह कोरिलेटिव्ह’ ही संकल्पना कोणत्या निबंधातली? तुम्ही लिहिता ‘ट्रॅडिशन अँड द इंडिव्हिज्युअल टॅलेंट’. ती आहे ‘हॅम्लेट अँड हिज प्रॉब्लेम्स’मधली. दोन्ही निबंध १९१९चे आणि दोन्ही १९२०च्या ‘द सेक्रेड वुड’ या संग्रहात आहेत, म्हणून गोंधळ होतो हे मला समजतं. पण पुढच्याच पानावर ‘डिसोसिएशन ऑफ सेन्सिबिलिटी’सुद्धा तुम्ही त्याच निबंधाच्या नावावर घातली आहे. ती १९२१च्या ‘द मेटाफिजिकल पोएट्स’ या निबंधातली. म्हणजे तुम्हाला एलियटचा एकच निबंध नावानं ठाऊक आहे आणि जिथे एलियट दिसेल तिथे तुम्ही तो चिकटवता.

शेक्सपिअरच्या फर्स्ट फोलिओत ३७ नाटकं होती असं तुम्ही म्हणता. १६२३च्या त्या ग्रंथात ३६ आहेत. ‘पेरिक्लीज’ त्यात नाही. शेक्सपिअरच्या दोन सहकारी नटांनी, हेमिंग्ज आणि काँडेल यांनी, तो ग्रंथ सिद्ध केला नसता तर ‘मॅकबेथ’ आणि ‘द टेम्पेस्ट’ यांसारखी तोवर न छापलेली नाटकं कदाचित आपल्यापर्यंत आलीच नसती. या प्रश्नाच्या मागे एवढी मोठी गोष्ट उभी आहे. तुमच्या ‘स्पष्टीकरणा’त काय आहे? ‘फर्स्ट फोलिओत ३७ नाटके होती, म्हणून पर्याय क बरोबर.’ उत्तर पुन्हा लिहिलं की त्याला स्पष्टीकरण म्हणायचं, ही पद्धत तुम्ही पुस्तकभर पाळली आहे.

आणि ‘जेजुरी’. महाराष्ट्रात बसून, मराठी मुलांना विकायच्या पुस्तकात तुम्ही छापता की अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ ही मूळ मराठी कविता असून नंतर तिचा इंग्रजी अनुवाद झाला. ‘जेजुरी’ इंग्रजीतच लिहिली गेली. ती १९७६ मध्ये पुस्तकरूपानं आली आणि तिला १९७७चं कॉमनवेल्थ काव्य पारितोषिक मिळालं. कोलटकर मराठीतही लिहीत आणि इंग्रजीतही, दोन्हीकडे तेवढ्याच ताकदीनं. आमच्या भागातल्या मुलांपैकी कितीतरी जण खंडोबाच्या दर्शनाला जेजुरीला जाऊन आलेले असतात. एसटीनं येणारी माणसं, पुजारी, दगड, भग्न देवळं हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. इंग्रजी साहित्याच्या पेपरात अचानक त्यांच्या ओळखीची जागा येते आणि आपल्याला जे माहीत आहे तेही साहित्य असतं, हे त्यांना पहिल्यांदा जाणवतं. मराठी मुलाला इंग्रजीच्या परीक्षेत हक्काचे मिळावेत असे ते गुण होते. तेवढेही तुम्ही त्याच्या पदरात पडू दिले नाहीत. ही चूक टाळायला तुम्हाला परदेशी ग्रंथालयात जायला नको होतं, साधं पुस्तकाचं पहिलं पान उघडायला हवं होतं.

तुमची सगळ्यात मोठी चूक मात्र साहित्याची नाही, आळसाची आहे. परीक्षा झाल्यावर ती घेणारी संस्था, एनटीए, आधी तात्पुरती उत्तरतालिका जाहीर करते. ज्या विद्यार्थ्याला एखादं उत्तर चुकीचं वाटतं तो प्रश्नामागे २०० रुपये भरून आक्षेप घेतो. विषयतज्ज्ञ तो तपासतात आणि मग अंतिम तालिका येते. या दोन तालिकांत फरक पडतो. काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. तुम्ही तात्पुरती तालिका उतरवून घेतलीत आणि अंतिम तालिका यायची वाटही पाहिली नाहीत. पुढच्या आवृत्त्यांतही ती बदलली नाही. म्हणजे कुण्या विद्यार्थ्यानं पदरचे पैसे घालून, पुरावे जोडून जी चूक दुरुस्त करून घेतली, ती तुम्ही पुन्हा जिवंत करून पुढच्या वर्षीच्या मुलांच्या माथी मारलीत. कुठे कुठे तर पर्यायांचा क्रम बदलला आहे आणि उत्तराचा क्रमांक जुनाच राहिला आहे. असा प्रश्न आला की मूल स्वतःचं बरोबर उत्तर खोडतं आणि तुमचं चुकीचं लिहून ठेवतं. मी वह्या पाहिल्या आहेत. आधीच्या बरोबर उत्तरावर रेघ आणि शेजारी लाल शाईत तुमचं.

याची किंमत आकड्यांत सांगते. बरोबर उत्तराचे ४ आणि चुकीचा वजा १, म्हणजे एका प्रश्नाचा फरक ५ गुणांचा. तुम्ही पक्क्या करून दिलेल्या तीन चुका पेपरात समोर आल्या तर १५ गुण गेले. २०२५ मध्ये ७५ प्रश्न होते आणि ९० मिनिटं. प्रश्नाला ७२ सेकंद. एवढ्या वेळात कुणी आठवणीची फेरतपासणी करत बसत नाही, जे मनात पक्कं आहे तेच बोट दाबतं. नामवंत विद्यापीठात प्रवेश आणि प्रतीक्षायादी यांच्यात अनेकदा याहून कमी अंतर असतं. पहिली दोन वर्षं १०० प्रश्न आणि दोन तास होते, २०२४ पासून प्रश्न ७५ झाले, हेही तुमच्या पुस्तकात कुठे नाही. सराव परीक्षेला तुम्ही अजून दोन तासच लावायला सांगता.

आणि हा फटका कुणाला बसतो? ज्याच्या घरात इंग्रजीचे प्राध्यापक आहेत, ज्याच्या महाविद्यालयात पाच जण एमएला जाऊन आलेले आहेत, तो तुमची चूक हसून सोडून देतो. वाटेवरचा मैलाचा दगड कुणी भलत्याच दिशेला पुरला तर त्या गावच्या माणसाचं काही बिघडत नाही, परक्याची रात्र रस्त्यात जाते. तुमच्या चुका फक्त त्यालाच लुटतात ज्याच्याकडे पडताळायला दुसरं काही नाही. म्हणून मला तुमचा राग येतो. पुस्तक वाईट असणं मी सहन केलं असतं. पण गरजू बघून वाईट पुस्तक विकणं मला सहन होत नाही.

जुना पेपर कशासाठी असतो हे तुम्हाला कधी कुणी सांगितलं नसावं, म्हणून सांगते. एक प्रश्न घ्या: काव्याच्या संदर्भात ‘मेटाफिजिकल’ हे विशेषण कवी डन आणि त्याच्या परंपरेला कुणी लावलं, अशा धर्तीचा. पर्याय ड्रायडन, जॉन्सन, ग्रिअर्सन, एलियट. उत्तरावर खूण करून पुढे जाणारा विद्यार्थी एक गोष्ट शिकतो आणि आठवड्यानं विसरतो. माझ्या वर्गात आम्ही चारही नावांच्या मागे जातो. ड्रायडननं १६९३ मध्ये उपरोधकाव्यावरच्या लेखात डन ‘मेटाफिजिक्स’चा आव आणतो असं म्हटलं. डॉ. जॉन्सननं १७७९ मध्ये कवी काउलीच्या चरित्रात त्या कवींचा एक गटच कल्पून त्यांच्यावर टीका केली. ग्रिअर्सननं १९२१ मध्ये त्यांच्या कवितांचं संकलन काढलं आणि त्याच संकलनाचं परीक्षण म्हणून एलियटनं ‘द मेटाफिजिकल पोएट्स’ लिहिला. एका प्रश्नातून २२८ वर्षांचा टीकेचा इतिहास हाती आला. आता प्रश्न कुठल्याही अंगानं येऊ दे, कालानुक्रम लावायचा येऊ दे, जोड्या लावायच्या येऊ देत, विधान आणि कारण येऊ दे, ते मूल उभं राहतं. चुकीचा पर्यायही कुणीतरी विचार करून ठेवलेला असतो. तो का चुकीचा आहे हे सांगता आलं म्हणजे तो प्रश्न खऱ्या अर्थानं सोडवला.

दुसरं काम म्हणजे पेपराशी भांडणं. रोलाँ बार्थचा ‘लेखकाचा मृत्यू’ हा निबंध १९६७चा की १९६८चा? इंग्रजी भाषांतर अमेरिकेतल्या ‘अ‍ॅस्पेन’ या नियतकालिकात १९६७ मध्ये आधी आलं आणि मूळ फ्रेंच १९६८ मध्ये छापलं गेलं. दोन्ही सालं पर्यायांत असली तर प्रश्नच सदोष ठरतो आणि आक्षेप घ्यायला जागा असते. हे ज्याला दिसतं तो साहित्याचा विद्यार्थी झाला. मुलांनी आपल्याशी, पुस्तकाशी, प्रश्न काढणाऱ्याशी असं पुराव्यानिशी भांडावं म्हणून आम्ही शिकवतो. तुमचं पुस्तक त्यांना भांडू देत नाही. ते म्हणतं, क म्हणजे क.

तुमची बाजू मला ठाऊक आहे. तुमच्या विक्रेत्यानं ती मला दुकानात ऐकवली. मुलांनाच तयार उत्तरं हवी असतात, आम्ही काय करणार? आणि चुका तर एनटीएच्याही होतात. होतात, मान्य. एनटीएवर माझे स्वतःचे आक्षेप आहेत आणि मी ते उघडपणे मांडते. पण तिथे आक्षेपाची खिडकी आहे, मुदत आहे, अंतिम तालिका आहे. तुमच्याकडे काय आहे? मी चुकांची यादी करून तुमच्या पत्त्यावर पाठवली. उत्तर आलं नाही. पुढची आवृत्ती आली, नव्या मुखपृष्ठाची आणि वाढीव किमतीची, त्याच चुकांसकट. आणि मुलांना तयार उत्तरं हवी असतात म्हणता, तर निदान उत्तरं तरी द्या. तुम्ही देता त्याला उत्तर म्हणत नाहीत.

आता माझी मागणी. पहिली, ‘सीयूईटी-पीजी २०१९’ हे खोटं प्रकरण पुस्तकातून काढा आणि उरलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली तो कोणत्या परीक्षेचा आणि कोणत्या वर्षाचा ते खरं लिहा. दुसरी, प्रत्येक उत्तर अंतिम तालिकेशी ताडून शुद्धिपत्र छापा आणि ज्यांनी पुस्तक आधीच घेतलं आहे त्यांना ते फुकट मिळेल अशी व्यवस्था करा. तिसरी, मुखपृष्ठावर माणसाचं नाव घाला. ज्याला स्वतःच्या उत्तरांखाली नाव लिहायचं धाडस होत नाही, त्यानं दुसऱ्यांच्या मुलांना उत्तरं सांगू नयेत.

आणि हे पत्र वाचणाऱ्या मुलांनो, तुमच्यासाठी एवढंच. जुन्या प्रश्नपत्रिका एनटीएच्या संकेतस्थळावर आहेत, त्यांना पैसे पडत नाहीत. महाविद्यालयाच्या संगणकावरून उतरवून घ्या आणि छापून काढा. उत्तर आधी स्वतः लिहा, मग अंतिम तालिकेशी ताडा. जिथे जुळणार नाही तिथे मूळ पुस्तक उघडा, आणि तरीही अडलात तर शिक्षकांच्या मागे लागा. आम्हाला पगार त्याचाच मिळतो.

एक प्राध्यापिका